रारोटोंगाचा उन्हाळा हाच तिथला पावसाळा: मोसमी अंदाज कसा वाचायचा?

दक्षिणवारा

ऑकलंड-सिडनीकडच्या मराठी मंडळींची डिसेंबर-जानेवारीची सुट्टी जवळ आली की दक्षिण पॅसिफिकमधल्या कुक आयलंड्सबद्दल एक प्रश्न हमखास विचारला जातो: "तिकडे तेव्हा उन्हाळा ना, मग सगळे पावसाचं काय सांगतात?" उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून हा धागा काढतोय. रारोटोंगा, म्हणजे कुक आयलंड्सचं मुख्य बेट, आणि आसपासची बेटं एवढाच विषय ठेवू. फिजी-सामोआ यात आणले तर गोंधळ होईल.

आधी जागा समजून घ्या. रारोटोंगा २१ अंश दक्षिण अक्षांशावर आहे आणि आपलं नागपूर २१ अंश उत्तरेवर. म्हणजे विषुववृत्ताच्या आरशात पाहिलं तर दोन्ही ठिकाणं एकाच रेषेत. नागपुरात मे महिन्याच्या शेवटी सूर्य डोक्यावर येतो, तसा रारोटोंगात नोव्हेंबरच्या शेवटी आणि पुन्हा जानेवारीच्या मध्याला. पण नागपूर मे महिन्यात ४३-४४ अंशांवर भाजतं, तर रारोटोंगात फेब्रुवारीत दुपारचं तापमान सरासरी २९ आणि पहाटेचं २३. चारी बाजूंना २७-२८ अंशांचं समुद्राचं पाणी आहे, ते हवा तापूही देत नाही आणि रात्री निवूही देत नाही. घामाचा त्रास मात्र मुंबईच्या जून महिन्यासारखा.

पाऊस वर्षाला साधारण २००० मिमी आणि त्यातला जवळपास दोन तृतीयांश नोव्हेंबर ते एप्रिल या सहा महिन्यांत. चक्रीवादळांचा अधिकृत मोसमही तोच, १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल. आपल्याकडे उन्हाळा संपला की पावसाळा येतो. तिथे दोन्ही एकाच वेळी येतात.

या पावसाचा मालक कोण, तर दक्षिण पॅसिफिक अभिसरण पट्टा. सॉलोमन बेटांपासून निघून सामोआवरून आग्नेयेकडे फ्रेंच पॉलिनेशियाकडे तिरका उतरणारा ढगांचा लांबलचक पट्टा. ईशान्येकडून आणि आग्नेयेकडून येणारे वारे तिथे एकमेकांना भिडतात, हवा वर चढते, ढग तयार होतात. रारोटोंगा या पट्ट्याच्या नेहमीच्या जागेच्या थोडं दक्षिणेला पडतं. पट्टा दोन-तीनशे किलोमीटर खाली सरकला की चार-पाच दिवस झड लागते. वर गेला की आग्नेयेचा वारा, निळं आकाश आणि मधूनच एखादी सर. सगळा मोसमी अंदाज शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन थांबतो: येत्या तीन महिन्यांत हा पट्टा बहुतेक वेळ कुठे असेल?

ज्यांना या भागाची माहिती आहे त्यांनी भर घालावी, चुकत असेल तिथे दुरुस्त करावं.

आकडेमोड

उत्तम धागा. अंदाजातल्या टक्क्यांबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच होतो.

पॅसिफिकमधले मोसमी अंदाज त्रिभागाच्या पद्धतीने देतात. मागच्या साधारण तीस वर्षांतले, उदाहरणार्थ, डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारीचे पावसाचे आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि त्याचे तीन सारखे भाग करायचे. खालचा भाग कोरडा, मधला सर्वसाधारण, वरचा ओला. काहीच माहिती नसेल तर प्रत्येक भागाची शक्यता ३३ टक्के. आता अंदाज "ओला ४५, सर्वसाधारण ३०, कोरडा २५" असा आला, तर त्याचा अर्थ "४५ टक्के जास्त पाऊस पडेल" असा होत नाही. "४५ टक्के दिवस पाऊस पडेल" असाही होत नाही. पारडं ओल्या बाजूला झुकलंय एवढंच. अशी चार वर्षं घेतली तर त्यातलं सरासरी एक वर्ष कोरडं निघणार, आणि ते निघालं म्हणून अंदाज चुकला असं म्हणता येत नाही.

३५-३३-३२ असले आकडे दिसले तर तो अंदाज नाहीच. "आम्हाला कुठलाच कल दिसत नाही" हे सांगायची ती रीत आहे. आकडा ५० किंवा त्याच्या वर गेला तरच त्यावर पाण्याच्या टाकीचं, शेतीचं नियोजन करावं.

दुसरं म्हणजे तीन महिन्यांची बेरीज फसवी असते. जानेवारी ते मार्च दर महिन्याला साधारण २०० मिमी किंवा त्याहून थोडा जास्त पाऊस धरा. त्यातला निम्मा दोन दिवसांत पडू शकतो आणि बाकीचे अठ्ठावीस दिवस पोहण्यासारखे जातात. मोसमी अंदाजाला हे आधी कळत नाही.

वऱ्हाडी_भूगोल

एल निनोच्या वर्षी आपल्याकडे मान्सून कमकुवत होण्याचा धोका असतो हे माहीत आहे. तिकडे काय होतं? एल निनो म्हणजे रारोटोंगात कमी पाऊस, म्हणजे सुट्टीला चांगलं वर्ष, असं सरळ म्हणता येईल का?

दक्षिणवारा

अर्धं बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं धोक्याचं आहे. जरा सविस्तर लिहितो.

एल निनोत पॅसिफिकचं गरम पाणी पूर्वेला सरकतं आणि तो ढगांचा पट्टा त्याच्या मागोमाग ईशान्येकडे जातो. रारोटोंगापासून लांब. त्यामुळे दक्षिणेकडची बेटं, म्हणजे रारोटोंगा, ऐतुताकी, मंगाया, आतिऊ, कोरडी पडतात. त्याच देशातली उत्तरेकडची बेटं, ९ अंश दक्षिणेवरचं पेन्ऱ्हिन किंवा मनिहिकी, पावसात भिजतात. ला निनात सगळं उलट: पट्टा नैर्ऋत्येला येतो, रारोटोंगात पाऊस वाढतो आणि उत्तरेकडच्या प्रवाळ बेटांवर टाक्या कोरड्या पडतात. म्हणून "कुक आयलंड्सचा अंदाज" असं एका वाक्यात सांगणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. उत्तर गट की दक्षिण गट, हे आधी विचारा. १९८२-८३ आणि १९९७-९८ सारख्या फार मोठ्या एल निनोत तर हा तिरका पट्टा जवळपास आडवा होऊन विषुववृत्ताला चिकटला होता.

आता धोक्याचं अर्धं. चक्रीवादळाला साधारण २६.५ अंशांहून गरम समुद्र लागतो. सर्वसाधारण वर्षी नैर्ऋत्य पॅसिफिकची बरीचशी वादळं आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पश्चिमेला, वानुआतू-फिजीच्या बाजूला तयार होतात. एल निनोत गरम पाणी पूर्वेला आलं की वादळांची जन्मभूमीही पूर्वेला येते आणि कुक आयलंड्स तिच्या वाटेत येतात. इतिहास पाहा:

१९८६ संपून १९८७ उजाडता उजाडता सॅली आलं आणि रारोटोंगावरच्या अवारुआ गावाची दैना झाली. तो एल निनोचा मोसम होता. १ नोव्हेंबर १९९७ ला, मोसमाच्या अगदी पहिल्या दिवशी, मार्टिनने मनिहिकी उद्ध्वस्त केलं. एल निनोच. फेब्रुवारी-मार्च २००५ मध्ये मीना, नॅन्सी, ओलाफ, पर्सी आणि रे ही पाच वादळं महिन्याभरात या बेटांच्या आसपास आली. तेव्हा कमकुवत एल निनो होता. फेब्रुवारी २०१० मध्ये पॅटने ऐतुताकीची घरं पाडली. हा तोच एल निनो, ज्याने आदल्या वर्षी, २००९ मध्ये, भारताचा मान्सून सरासरीपेक्षा २२ टक्के कमी केला होता.

म्हणजे एल निनोचा उन्हाळा रारोटोंगात कोरडा असण्याची शक्यता जास्त, आणि वादळ येण्याचीही शक्यता जास्त. या दोन गोष्टी एकत्र लक्षात ठेवल्या नाहीत तर अंदाज वाचून उपयोग नाही.

वऱ्हाडी_भूगोल

धन्यवाद, हे अगदी डोक्यात बसलं. १९९७ ला आपल्याकडे मात्र एवढा मोठा एल निनो असून मान्सून सरासरीइतका झाला होता. तेव्हा शक्यता म्हणजे शक्यताच, हा आकडेमोड यांचा मुद्दा पटतो.

तांडेल

वादळाच्या वाऱ्याची दिशा कशी वाचायची ते लिहितो, कारण किनाऱ्यावर कुठल्या बाजूला राहायचं हे त्यावर ठरतं.

दक्षिण गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. आपल्या अरबी समुद्रातल्या वादळाच्या अगदी उलट. कुक आयलंड्सकडे वादळं बहुतेक वायव्येकडून आग्नेयेकडे जातात. समजा वादळ रारोटोंगाच्या पश्चिमेकडून चाललंय. बेटावर आधी ईशान्येचा वारा लागेल, मग उत्तरेचा, मग वायव्येचा. म्हणजे सगळा मार उत्तर किनाऱ्यावर. अवारुआ, अवातिऊ बंदर आणि विमानतळ तिन्ही नेमके त्याच बाजूला आहेत. अवातिऊचं तोंड उत्तरेला उघडं आहे. उत्तरेची लाट थेट आत शिरते, त्यामुळे वादळाच्या बातमीनंतर तिथे नौका ठेवणं म्हणजे ती गमावणं. वादळ पूर्वेकडून गेलं तर वारा आग्नेय, दक्षिण, नैर्ऋत्य असा फिरतो आणि आग्नेय किनाऱ्यावरच्या मुरी-तितिकावेकाच्या बाजूला लाटा चढतात.

वाऱ्याची दिशा बदलतच नाही आणि जोर वाढत चाललाय, असं झालं तर वादळ साधारण आपल्याच अंगावर येतंय असं समजायचं.

वायुदाबमापक असेल तर आणखी एक जुनं गणित आहे. उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा वरखाली होतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो, साधारण दोन-तीन हेक्टोपास्कलचा फरक. म्हणून दुपारी चारचा दाब सकाळी दहाच्या दाबाशी ताडायचा नाही. काल चार वाजता किती होता, परवा चार वाजता किती होता, त्याच्याशी ताडायचा. त्या वेळेच्या नेहमीच्या दाबापेक्षा ३ हेक्टोपास्कल खाली गेला तर संशय घ्यायचा. ५ खाली गेला तर वादळ जवळपास आहे असं धरून कामाला लागायचं. आणि रोजची ती वरखाली लयच गायब झाली, काटा नुसता उतरत राहिला, तर ती सगळ्यात वाईट खूण.

मुरीकाठ

तांडेल यांच्या माहितीला जोडून इशाऱ्यांबद्दल. या भागातल्या वादळांवर लक्ष ठेवायची जबाबदारी फिजीतल्या नाडी शहरातल्या हवामान केंद्राची आहे, २५ अंश दक्षिणेपर्यंत. स्थानिक सूचना रारोटोंगाचं हवामान खातं देतं. "सतर्कता" म्हणजे ताशी ६३ किमीच्या वरचा वारा २४ ते ४८ तासांत येऊ शकतो. "इशारा" म्हणजे २४ तासांच्या आत.

लोक हमखास चुकतात ते वेळेत. नाडीच्या पत्रकांत जागतिक प्रमाणवेळ असते आणि रारोटोंगा तिच्या १० तास मागे आहे. पत्रकात "बुधवार ००:००" असेल तर बेटावर मंगळवार दुपारचे २ वाजलेले असतात. ऑकलंड तर उन्हाळ्यात रारोटोंगाच्या २३ तास पुढे. घड्याळ पाहिलं तर एकाच तासाचा फरक दिसतो आणि वार मात्र वेगळा. ऑकलंडचे नातेवाईक फोनवर "बुधवारी दुपारी येणार म्हणे" सांगतात आणि इथला माणूस बुधवार धरून बसतो. वार आणि तारीख दोन्ही लिहून, स्थानिक वेळेत बदलून, फ्रिजवर लावा.

श्रेणीच्या आकड्यातही घोळ होतो. नाडी दहा मिनिटांच्या सरासरी वाऱ्यावर १ ते ५ श्रेणी देते, तिसरी श्रेणी ११८ किमीला सुरू होते. अमेरिकी केंद्र एका मिनिटाची सरासरी घेतं, त्यामुळे त्यांचा वेग त्याच वादळाला जास्त दिसतो. भारताचं हवामान खातं तीन मिनिटांची घेतं. दोन ठिकाणचे आकडे पाहून "वादळ वाढलं" असं समजू नका. एकच स्रोत धरा, नाडीचा.

कोकणपागोळी

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगड किनाऱ्यावर आलं तेव्हा पत्रे कसे उडाले ते कोकणाने पाहिलंय. रारोटोंगातही घरांवर बहुतेक पत्रेच असतात, म्हणून छपरावर लिहितो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०० चा वारा २०० झाला की जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. छप्पर आधी कडेला आणि आढ्यावर सुटतं, कारण तिथे वारा खालून वर ओढतो. तेव्हा मोसमाआधी, ऑक्टोबरमध्ये, शिडी लावून वळचणीच्या आणि आढ्याच्या दोन ओळी तपासा. खिळे असतील तर काढून वॉशरचे स्क्रू मारा. गंजलेला वॉशर म्हणजे सुटलेला स्क्रूच. खाऱ्या हवेत रबर दोन-चार वर्षांत कडक होऊन तडकतं. वासा भिंतीला लोखंडी पट्टीने बांधलेला आहे का ते पाहा. पत्रा वाशाला घट्ट आणि वासा भिंतीला नुसता टेकलेला, अशी स्थिती असेल तर अख्खं छप्पर एकत्र उचललं जातं.

काचेवर चिकटपट्टीची फुली मारण्यात अर्थ नाही. १२ मिमीचा प्लायवूड खिडकीच्या मापाने आधीच कापून, भोकं पाडून, कुठल्या खिडकीचा ते लिहून ठेवा. इशारा आल्यावर दुकानात प्लायवूड मिळत नाही.

आकडेमोड

पाणी कोणी घेतलं नाही म्हणून मी घेतो. रारोटोंगाचं नळाचं पाणी डोंगरातल्या ओढ्यांवरून येतं. मोठी साठवण धरणं नाहीत. त्यामुळे एल निनोचा कोरडा उन्हाळा आला की ओढे बारीक होतात, आणि जोराचा पाऊस झाला की पाणी गढूळ होतं. दोन्ही वेळी घराची टाकी उपयोगी पडते.

हिशोब सोपा आहे: छपराचं क्षेत्रफळ चौ.मी. × पाऊस मिमी × ०.८ = लिटर. ८० चौ.मी.च्या छपरावर १०० मिमी पाऊस पडला तर ६,४०० लिटर. चार माणसं रोज ४०० लिटर वापरत असतील तर १६ दिवस. "कोरडा ५०" असा अंदाज असेल तर साठा ३० दिवसांचा धरा, म्हणजे १२,००० लिटर.

पहिल्या सरीचं पाणी टाकीत घेऊ नका. छपरावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, पानं सगळं त्यात येतं. दर चौरस मीटरला अर्धा लिटर, म्हणजे ८० मीटरला ४० लिटर बाहेर सोडायचं. पन्हाळीच्या खाली १५० मिमी व्यासाचा उभा पाइप, खाली टोपी, टोपीला बारीक भोक. अडीच मीटर पाइपात साधारण ४४ लिटर मावतात. तो भरला की पुढचं पाणी आपोआप टाकीत जातं. भोक गाळाने बुजतं, महिन्यातून एकदा टोपी काढून धुवा, नाहीतर पुढच्या पावसाला जुनं घाण पाणी पाइपात तसंच उभं असतं आणि नवी घाण थेट टाकीत. टाकीच्या तोंडाला आणि ओसंडणाऱ्या नळीला बारीक जाळी हवीच. तिथे डेंगीच्या साथी येतात आणि तो डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो.

सुट्टीचा_बेत

इथे सगळे राहणाऱ्यांबद्दल बोलताहेत. आठ दिवस फिरायला जाणाऱ्यांनी नेमकं काय करायचं? फोनवरच्या ॲपमध्ये आठही दिवस ढग आणि पाऊस दिसतोय.

मुरीकाठ

त्या ढगाच्या चित्राकडे बघून बेत रद्द करू नका. जगभराचा अंदाज काढणारी संगणकातली प्रारूपं पृथ्वीचे ९ ते २५ किमीचे चौकोन करतात. रारोटोंगा अख्खं ६७ चौ.किमी. आणि मधोमध ते मांगा हे ६५२ मीटरचं शिखर. प्रारूपाला तो डोंगर नीट दिसतच नाही. उन्हाळ्यात जवळपास रोज कुठेतरी अर्धा तास सर येते, म्हणून ॲप रोज ढग दाखवतं.

ॲपमध्ये वाऱ्याची दिशा पाहा. आग्नेयेचा वारा असेल तर हवा चांगली, सरी आल्या तरी पळत्या. अशा दिवशी आग्नेय किनाऱ्यावर, मुरी-तितिकावेकाला, झुळूक असते आणि डोंगराच्या आड, निकाओ-अरोरांगीला, ऊन जास्त, घामही जास्त. वारा पडला, उत्तरेकडे वळला, हवा चिकट झाली आणि वायव्येला उंच पिंजल्यासारखे ढग दिसले, तर पट्टा खाली येतोय. दोन-तीन दिवस पावसाचे धरा. उपग्रहाच्या चित्रात सामोआकडून तिरका येणारा पांढरा पट्टा स्वतः बघा, त्याला प्रारूप लागत नाही.

मोसमी अंदाज आणि रोजचा अंदाज यांच्या मधे आणखी एक गोष्ट असते, एमजेओ. ढगांची ही लाट ३० ते ६० दिवसांत पृथ्वीला फेरी मारते. ती पश्चिम पॅसिफिकमध्ये येते तेव्हा वादळं घोळक्याने होतात. सुट्टीच्या दोन आठवडे आधी ती कुठे आहे ते पाहिलं तर मोसमी अंदाजापेक्षा जास्त उपयोग होतो.

बेताबद्दल: परतीनंतर कामावर जाण्याआधी दोन दिवस मोकळे ठेवा. वादळात विमानं थांबतात आणि नंतर जागा मिळायला वेळ लागतो. रोजची औषधं पाच दिवसांची जास्त घ्या. प्रवासाचा विमा तिकिटाबरोबरच काढा. वादळाला नाव पडल्यावर काढलेल्या विम्यात ते वादळ सहसा धरत नाहीत.

तांडेल

समुद्राचं एक राहिलं. खाजणातलं पाणी शांत दिसतं म्हणून दक्षिण किनाऱ्यावरच्या, प्रवाळाच्या कड्यातल्या खिंडींजवळ जाऊ नका. अवावारोआ, पापुआ, रुताकी ही नावं लक्षात ठेवा. लाटा प्रवाळाच्या कड्यावरून पाणी आत फेकतात आणि ते सगळं पाणी या अरुंद खिंडींतून बाहेर धावतं. लाटा मोठ्या आणि ओहोटी लागलेली, ही सगळ्यात वाईट वेळ. आकाश निरभ्र असलं तरी दूरच्या दक्षिण समुद्रातल्या वादळाची लाट इथे पोचते, म्हणून ऊन बघून ठरवू नका, कड्यावर फुटणाऱ्या लाटेची उंची बघा. सापडलात तर प्रवाहाविरुद्ध पोहू नका, आडवे पोहून खिंडीच्या ओढीबाहेर या.

वऱ्हाडी_भूगोल

डोंगर ओलांडणारी पायवाट पावसात करता येते का? सुळक्याच्या बाजूने जाते ती.

मुरीकाठ

"ते रुआ मांगा" सुळक्याची वाट ना? तीन-चार तास लागतात. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर जाऊ नका. वाट झाडांच्या मुळांवरून चढते, ओली मुळं साबणासारखी होतात, आणि दक्षिणेकडच्या उतारावर ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. वर पाऊस पडला की खाली ओढा अर्ध्या तासात फुगतो. अवातिऊच्या बाजूने, उत्तरेकडून चढा, सकाळी आठच्या आत निघा. दुपारच्या सरी डोंगरावर आधी येतात. पायात पकड असलेले बूट, दोन लिटर पाणी प्रत्येकी, आणि डासांचं मलम घोट्यापर्यंत.

सुट्टीचा_बेत

शेवटचं विचारतो. बेटावरचे लोक म्हणतात आंबा खूप लागला की वादळ येतं. त्यात तथ्य आहे का?

दक्षिणवारा

पॉलिनेशियात ही समजूत बऱ्याच बेटांवर आहे, आंब्याबद्दल आणि फणसासारख्या दिसणाऱ्या कुरूबद्दलही. तिथल्या माओरी भाषेत वादळाला "उरिया" म्हणतात. एक धागा जुळतो खरा: आंब्याला मोहोर येताना कोरडी हवा लागते, हे कोकणच्या बागायतदाराला वेगळं सांगायला नको. एल निनोत दक्षिण बेटांवर कोरडेपणा वाढतो आणि त्याच उन्हाळ्यात वादळाची शक्यताही वाढते. दोन्हींचं मूळ एक असू शकतं. म्हणून म्हातारी माणसं आंब्याकडे बघून पत्रे तपासायला सांगत असतील तर तपासा. पण आंबा कमी लागला म्हणून तपासायचं सोडू नका. २००५ मधली पाच वादळं कमकुवत एल निनोत आली होती, आणि पत्रा उडवायला त्यातलं एकच पुरतं.

मोसमाचा वादळ-अंदाज साधारण ऑक्टोबरमध्ये येतो. तो आला की त्यातले दक्षिण गटाचे आकडे याच धाग्यावर टाकतो. तोवर कोकणपागोळी यांनी स्क्रूची जाडी-लांबी आणि दोन स्क्रूंमधलं अंतर लिहिलं तर बरं होईल.

कोकणपागोळी

लाकडी वाशाला १४ नंबरचा स्क्रू. निम्म्याहून जास्त लांबी लाकडात गेली पाहिजे, पत्र्याच्या उंचवट्यातून मारायचा असेल तर ६५ मिमीपेक्षा लहान नको. मधल्या भागात एक उंचवटा सोडून एक. आढं, वळचण आणि दोन्ही कडांच्या मीटरभर पट्ट्यात मात्र प्रत्येक उंचवट्याला. वॉशर दबून सपाट होईल इतकंच आवळा. जास्त आवळला तर पत्रा खोलगट होतो, तिथे पाणी साचतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.